पाचव्या गाण्यातला आवाज

जळगाव
४ फेब्रुवारी २०२४

रुचीदीदी,

जय जिनेंद्र.

चुलतभावाचं पोस्टानं आलेलं पत्र बघून तू हसशील. फोन केला असता, पण आपल्या दोन घरांमध्ये कोणी कोणाला फोन केला की आता ताटावर त्याची चर्चा होते. शिवाय तुझा जुना नियम मला आठवतो. गाण्याबद्दल विचारायचं तर कागदावर विचार, व्हॉट्सॲपवर माणूस ऐकायच्या आधीच अंगठा दाखवून मोकळा होतो. म्हणून हे पत्र, आणि सोबत पेन ड्राइव्ह.

अल्बम झाला. नाव ‘भरडा’. आठ गाणी आहेत. गिटार, बेस, ओरडणं सगळं माझं. ड्रम कॉम्प्युटरवर बसवले, कारण आपला ड्रमवाला गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी मला बसवायचा नव्हता. अखिलचं नाव तुला लिहू नये असं ठरवलं होतं. तुझा सख्खा भाऊ, मी किती झालं तरी चुलत. पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येईना.

बाकीचे आवाज आपल्या डाळ मिलमधले आहेत. रोलर, पॉलिशर, खड्ड्यातून दाणे वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची साखळी, चाळण. तूर रोलरखाली जाते तेव्हाचा तो करकर आवाज मी गिटारीच्या खाली लावलाय. पप्पा म्हणतात, हा मिलमध्ये येतो तो मशीन ऐकायला, चालवायला नाही.

अखिलच्या तिसऱ्या दिवशीच्या उठावण्यानंतर मी धुळ्याला आलो नाही. बडे पप्पांनी धाकट्या भावाबरोबरची मिल सोडली, तुम्ही तिकडे गेलात, आणि आमच्यापैकी कोणी यावं की न यावं हे कोणी बोललंच नाही. तीन वर्षं झाली. बडी मम्मी कशी आहे?

एकच मागणं. बहीण म्हणून ऐकू नकोस. त्या परीक्षणांच्या साइटवर तू लोकांच्या अल्बमची सालं काढतेस तशी याची काढ. जूनमध्ये बाहेर आणायचा विचार आहे, तोपर्यंत दुरुस्त करता येईल.

तुझा,
पारस


देवपूर, धुळे
२० फेब्रुवारी २०२४

पारस,

मम्मी बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते, बोलते कमी.

सालं काढ म्हणालास, तर काढते. नंतर काकीजवळ रडू नकोस.

पहिलं गाणं ‘पट्टा’, सात मिनिटांचं. जे म्हणायचंय ते दीड मिनिटात संपतं. पुढे फक्त तुझं तुझ्या ॲम्पवर किती प्रेम आहे ते ऐकू येतं. दुसऱ्यात तू बेड्या, गुलामी, व्यवस्था असं ओरडतोस. तू मिलमालकाचा मुलगा आहेस. जीवराम मिस्त्री पाळीवर उशिरा आला म्हणून काकासांनी त्याला सगळ्यांसमोर उभं ठेवलं होतं, तेव्हा तू आणि मी ऑफिसच्या पायरीवर बसून कुल्फी खात होतो. त्या गाण्यात बेड्या कोणाच्या आहेत, एकदा ठरव. तिसरं आणि चौथं हे एकच गाणं आहे, दोनदा का पाठवलंस कळलं नाही.

ड्रमचे सगळे फटके एका जोराचे. अखिल वाजवायचा तेव्हा एखादा फटका जरासा मागून यायचा, झोपेतून उठल्यासारखा, आणि आपण त्या फटक्याची वाट बघायचो. कॉम्प्युटरला झोप येत नाही.

आणि मशीनचे आवाज तू ताटाच्या कडेला लोणचं वाढावं तसे वाढलेस. अशा संगीतात मशीननं गाणं ओढत न्यायला हवं. तू गाणं केलंस आणि वरून मशीन शिंपडलंस. मिलमध्ये वाढलेल्या माणसाला हे जमू नये याचं आश्चर्य वाटलं.

मग पाचवं लागलं, ‘चाळण’. मी स्वयंपाकघरात उभी होते, ती खाली बसले.

त्यात चाळणीच्या आवाजामागून एक आवाज येतो. तू तो खाली ओढून इतका जाड केलायस की आधी माणूस आहे की जनावर ते कळत नाही, मग बाई आहे हे कळतं. ती ओरडते, आणि मशीनला त्याचं काही नाही, ते आपलं चाळत राहतं. एवढंच. पण सगळ्या अल्बममध्ये जिवंत अशी ही एकच गोष्ट आहे. आणि तू काय केलंस? अर्ध्या मिनिटात तिच्यावर गिटार ओतलीस. घाबरलास. ती गिटार काढ. बाईला पुरतं ओरडू दे. जेवढं रेकॉर्डिंग असेल तेवढं लाव, आणि ऐकणाऱ्यावर दया करू नकोस.

कोण आहे ती? कुठे सापडली?

दहापैकी तीन. त्यातले अडीच पाचव्याचे.

रुची


जळगाव
३ मार्च २०२४

रुचीदीदी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस गिटारला हात लावला नाही. कुल्फीचं तू काढायला नको होतंस. पण तिसरं-चौथं एकच आहे हे खरं आहे. चौथं काढून टाकलं. पहिलं कापतोय.

पाचव्यातला आवाज म्हणजे एक सॅम्पल आहे. इंटरनेटवर असले आवाज मिळतात, किंकाळ्या, काच फुटणं, कुत्री. त्यातलाच. रेकॉर्डिंग मोठं आहे, चारेक मिनिटांचं होईल. मी मुद्दाम थोडंच घेतलं होतं. पूर्ण लावावं असं तुला खरंच वाटतं? नीट विचार करून सांग. तू सांगितलंस तर लावतो, पण नंतर हे कशाला केलंस असं म्हणायचं नाही.

पारस


देवपूर, धुळे
१५ मार्च २०२४

पारस,

मी कशाला म्हणू?

लाव. कोणीतरी भाड्यानं ओरडायला बसवलेली बाई असेल, तिचं काम तिनं चोख केलंय. तिची काळजी तू करू नकोस, गाण्याची कर. आणि चाळणीला हात लावू नकोस. ती मागे चालू राहते त्यात सगळी जादू आहे. ऐकणाऱ्याला वाटत राहतं की कोणीतरी उठून आता हे मशीन बंद करेल, आणि कोणीच उठत नाही. गाणं आहे ते हेच. बाईला कमी ऐकू आलं तरी चालेल, पण मशीन थांबता कामा नये.

वर्गातल्या पोरांचे पेपर तपासायचेत, म्हणून थोडक्यात.

रुची


जळगाव
२ जून २०२४

रुचीदीदी,

काल ‘भरडा’ बाहेर आला. सोबत नवी प्रत पाठवतोय. गाणी सातच ठेवलीत. पाचवं आता चौथं झालंय, पण मी त्याला पाचवंच म्हणतो. साडेचार मिनिटं, गिटार फक्त शेवटी. तू सांगितलंस तसंच्या तसं केलं.

दीदी, लोक वेडे झालेत. बाकीच्या गाण्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, सगळे ‘चाळण’वरच. एकानं लिहिलंय, ही बाई कोण, हिच्याशी लग्न करायला तयार आहे. इंदूरच्या एका पोरानं ती किंकाळी फोनची रिंगटोन केलीय. पुण्याहून कार्यक्रमाचं विचारलंय. तुमच्या साइटच्या संपादकानं मला मेल केला की परीक्षण धुळ्याची रुची लिहिणार आहे, जपून रहा. मी म्हटलं, तिच्या हातचा मार खाऊन झालाय.

तुझ्यामुळे झालं हे. अखिलला आवडलं असतं.

पारस


देवपूर, धुळे
९ जून २०२४

पारस,

परीक्षणासाठी काल दुपारी ऐकायला बसले. मम्मी समोर मेथी निवडत होती. मी कानाला हेडफोन लावले होते, ती अधूनमधून माझ्याकडे बघत होती.

‘चाळण’ लागलं. नव्या भागात ती बाई श्वास घेते आणि काहीतरी बोलते. शब्द पुसायचा प्रयत्न तू केलायस, पण मी हे काम दहा वर्षं करतेय. तो भाग पुन्हा लावला, मग आणखी एकदा. ती म्हणत होती, “मम्मीला नका सांगू. मम्मीला नका सांगू.”

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. वाटलं, बिचारी, हिलाही आई आहे. त्यानंतर हेडफोन काढले.

त्या दिवशी मी मिलच्या दारातून आत आले तेव्हा अखिलला एलिव्हेटरच्या खड्ड्यातून काढून पोत्यांवर ठेवलं होतं, तोंडावर बारदान होतं. मी काय ओरडले ते मला आठवत नव्हतं. हे एक वाक्य तेवढं आठवत होतं, कारण ते कोणी ऐकलं नाही, काकासांनी लगेच घरी फोन केला होता.

मम्मीनं विचारलं, “काय गं, गाणं वाईट आहे का?” मी म्हटलं, “नाही, चांगलं आहे.”

एकच सांग. रेकॉर्डर आधीपासून चालू होता, की मी आल्यावर चालू झाला? उत्तर लिहू नकोस. मूळ रेकॉर्डिंग आहे तसं पाठव.

रुची


जळगाव
१६ जून २०२४

दीदी,

तुला कळेल तेव्हा काय होईल याची भीती होतीच. पण तुलाच ते आवडलं, तूच वाढवायला सांगितलंस, तेव्हा मला वाटलं की आतून कुठेतरी तुला माहीत आहे आणि तू परवानगी देतेयस. शपथेवर सांगतो, असंच वाटलं.

तू समजतेस तसं काही नाही. त्या आठवड्यात मी रोज मिलमध्ये आवाज गोळा करत होतो. रेकॉर्डर सकाळपासून चाळणीपाशी स्टँडवर होता, धावपळीत बंद करायचा राहिला. बऱ्याच महिन्यांनी ऐकताना तुझा आवाज सापडला. मी किती रडलो ते मलाच माहीत. फेकून द्यावं वाटलं, पण त्यात अखिलचा शेवटचा दिवस आहे, तो कसा फेकू?

सोबत पेन ड्राइव्हवर मूळ फाइल आहे, काहीही न कापता. लपवायचं असतं तर पाठवली असती का? ऐक आणि मग ठरव.

आणि दीदी, गाणं चांगलं आहे हे तूच म्हणालीस. माझं नाव नसतं तरी म्हणाली असतीस.

पारस


देवपूर, धुळे
७ जुलै २०२४

पारस,

तू ही फाइल स्वतः कधी सुरुवातीपासून ऐकली नसशील. तुला मधला भाग लागत होता, तो तू कापून घेतलास. मी सुरुवातीपासून ऐकली.

सकाळ त्यात नाही. फाइल सुरू होते तीच मुळी बोटानं माइकवर दोनदा टकटक करून. तुझी सवय आहे ती, बँडच्या वेळेपासून. त्यानंतर गेटजवळ कोणाच्या तरी चपला वाजतात आणि मी आल्याचं सांगून जीवराम विचारतो, “भाऊ, ताई उनी शे. बाकीनं बठ्ठं बंद करी टाकू का?”

तू म्हणतोस, “राहू दे. चालू राहू दे.”

मग मी येते.

पहिल्या दोन किंकाळ्यांना माझा आवाज फाटलाय, कारण रेकॉर्डरची पातळी मशीनच्या हिशोबानं ठेवलेली होती. तिसऱ्या किंकाळीपासून तो स्वच्छ येतो. पातळी आपोआप खाली येत नाही पारस, ती कोणीतरी बोटानं खाली आणावी लागते. म्हणजे मी तुझ्यापासून पाचसहा हातांवर जमिनीवर पडले होते, आणि तू आकडे बघत होतास.

मला कायम वाटायचं की त्या दिवशी मशीन बंद करायचं कोणाला सुचलं नसेल. दुःखात माणसाचं डोकं चालत नाही. त्या आवाजामुळे मला माझंच रडणं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी आणखी जोरात ओरडत गेले. जीवरामला सुचलं होतं. अडाणी म्हणून काकासा त्याला शिव्या घालायचे, त्याला सुचलं.

तूच म्हणालीस, असं तू लिहिलंस. हो, मीच म्हणाले. मशीन थांबता कामा नये हे माझंच वाक्य आहे, आणि तू ते माझ्या तीन वर्षं आधी म्हटलं होतंस. आपली आवड जुळते. ते मला आयुष्यभर पुरेल.

परीक्षण लिहायला घेतलंय.

रुची


जळगाव
संवत्सरीचा दुसरा दिवस, सप्टेंबर २०२४

रुचीदीदी,

खमत खामणा. जाणता-अजाणता मन, वचन, कायेनं तुला दुखावलं असेल तर हात जोडून माफी मागतो. दरवर्षी हे सगळ्यांना पाठवायचं म्हणून पाठवतो. या वर्षी पहिल्यांदा वाचून पाठवतोय.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. बोट माझंच होतं. पण एक ऐक. अखिलला मीच खड्ड्यातून वर ओढला होता. त्याला पोत्यांवर ठेवल्यावर माझे हात रिकामे झाले. पप्पा फोनवर, जीवराम रडतोय, आणि माझ्या हातांना काही काम नाही. शेजारी रेकॉर्डर होता. तो उचलला तेव्हा मी थरथरायचा थांबलो. त्याशिवाय उभं राहता आलं नसतं. हे कोणाला सांगून पटणार नाही, तुला पटेल असं वाटतं म्हणून लिहिलं.

‘चाळण’ सगळीकडून काढून टाकतो. पुण्याला नाही म्हणून कळवतो. तू म्हणशील ते करतो. फक्त परीक्षणात हे लिहू नकोस, मिलवर पोट असलेली माणसं आहेत. आणि बडी मम्मीला सांगू नकोस. तिला सोसणार नाही.

तुझा लहान भाऊ,
पारस


देवपूर, धुळे
२२ सप्टेंबर २०२४

पारस,

संवत्सरीला हात जोडणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, तसं आपल्याला शिकवलंय. तेव्हा माफ. ते संपलं. आता अल्बमबद्दल.

परीक्षण काल साइटवर आलं. त्यात अखिल नाही, मी नाही, मिल नाही. लिहिलंय की सहा गाणी विसरण्यासारखी आहेत आणि एक गाणं या वर्षी ऐकलेल्या सगळ्यांत वरचं आहे. ते खोटं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी फार प्रयत्न केला. चार वेळा खोडलं, पण दर वेळी पुन्हा ऐकलं की तेच लिहावं लागत होतं.

गाणं काढू नकोस. पुण्याला जा. पोरं ते पुन्हा वाजव म्हणतील, पुन्हा वाजव. ते तुझं आहे, तू मिळवलंयस. दुसरा अल्बम करशील तेव्हाही मला पाठव, मी ऐकेन आणि खरं तेच लिहीन. पण तुला आत्ताच सांगून ठेवते, तो जमणार नाही. असं गाणं परत हवं असेल तर तुला माझा आणखी एक भाऊ लागेल, आणि मला तेवढा एकच होता.

हात रिकामे होते, ते पटलं. माझेही होते.

मम्मीला सोसणार नाही असं तू लिहिलंस. ती तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त सोसून बसलीय. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी तिच्या कानाला हेडफोन लावले आणि मूळ फाइल लावली, टकटकीपासून. तुला वाचवायला मी तिला काही न सांगणं, एवढं मोठं मन माझं नाही. शेवटपर्यंत ऐकून तिनं हेडफोन काढले, वायर गुंडाळून टेबलावर ठेवली. रडली नाही. म्हणाली, “पारसचा आवाज तेव्हा किती शांत होता.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, हे लोकांना आवडतं का? मी म्हटलं, खूप आवडतं. मग आत जाऊन तिनं तुरीचा डबा उतरवला, डाळ शिजायला लावली आणि कुकरपाशी उभी राहून मला म्हणाली ते तुला कळवायचंय. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते.

“पारसला म्हणावं, धुळ्याला ये. आवाज घ्यायचं मशीन घेऊन ये. त्या दिवशी मी घरी होते, माझं कोणी घेतलं नाही. समोर बसून रडते. नीट आलं नाही तर परत रडेन.”

दुपारी ती घरीच असते.

रुची